तीन आंधळे, तीन डोळस

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला संशय घेण्याचाच पगार मिळत होता. नवी मुंबईत, पावणे गावाला, रंगात मिसळायची द्रावणं बनवणारा एक लहानसा कारखाना होता आणि तिथल्या तपासणी खोलीत मी बसायचे. कच्च्या मालाचा ड्रम आला की तो खराब आहे असं आधी धरून चालायचं, मग तो चांगला असेल तर त्याने तसं सिद्ध करायचं. सकाळी हातातली अंगठी काढून कोटाच्या खिशात टाकायची, हातमोजे चढवायचे, संध्याकाळी अंगठी परत बोटात. ती सैल झाली होती आणि तिचा खडा सारखा तळहाताच्या बाजूला फिरायचा. सोनाराकडे जायला वेळ नव्हता.

ही सवय घरीही माझ्यासोबत यायची. दुधाची पिशवी, किराणा, सोसायटीच्या टाकीचं पाणी, काहीच सुटायचं नाही. नवरा म्हणायचा, "उद्या मी घरी आलो की माझाही बॅच नंबर विचारशील." मी हसायचे, पण पिशवीवरची तारीख वाचायचे ती वाचायचेच.

सानपाड्याला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. नवी इमारत, लिफ्ट नाही, जिन्याला मध्ये एकेक वळण. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि दिवाळीपासून आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्या म्हणायचे. त्या साताऱ्याकडच्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला, आता उजेड-अंधार तेवढा कळेल. गावी थोरले दीर होते, पण त्यांचं सगळं घर दिवसभर शेतात. एकट्या आत्या चुलीपाशी गेल्या आणि मनगट भाजून घेतलं, तेव्हा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. दिरांनी त्यांची खाट आधीच गोठ्याशेजारच्या खोलीत हलवली होती. परत गेल्या असत्या तर त्या तिथेच राहिल्या असत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

त्याच थंडीत घरात मासे आले. नवऱ्याचा एक मित्र मुंबईत प्रयोगशाळेत माशांवर काम करायचा. तिथे डागडुजी निघाली म्हणून त्याने सहा मासे दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवायला दिले, सोबत काचेची टाकी. तीन मासे रुपेरी, शेपटीशी काळा ठिपका, चांगले टपोरे डोळे. उरलेले तीन फिकट गुलाबी, आणि जिथे डोळे असायला हवेत तिथे नुसती कातडी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला शिसारी आली.

मित्र म्हणाला, "वहिनी, हे सगळे एकाच जातीचे, भाऊबंदच आहेत. हे नदीतले आणि हे गुहेतले. यांचे पूर्वज कधीतरी गुहेतल्या पाण्यात शिरले, पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिले आणि डोळे गेले. लांबच्या देशातले आहेत, जपा जरा."

भाऊबंद म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी गिरगावातल्या एकत्र कुटुंबात वाढले आहे. भाऊबंद एका खोलीत ठेवले की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको.

आठवड्याभरात शेपट्या फाटायला लागल्या. सकाळी टाकीपाशी जावं तर कुणाचा पर कुरतडलेला, कुणाच्या शेपटीची झिरमिळी झालेली. रुपेरी असो की गुलाबी, जखमा दोन्हींकडे. मी क्षणभरही विचार केला नाही, आंधळ्यांवर संशय घेतला. ते कधी थांबायचेच नाहीत. रुपेरी मासे आपापला कोपरा धरून शहाण्यासारखे उभे असायचे आणि हे तिघं गोलगोल फिरत, काचेला घासत, खडे उकरत, याला धडक त्याला धडक. ज्याला दिसत नाही तो समोर येईल त्याला चावणारच, असा माझा साधा हिशोब होता.

आत्या दिवसभर त्या टाकीशेजारी बसायच्या. पंपाच्या बुडबुड्यांचा आवाज त्यांना आवडायचा, ओढ्याकाठी बसल्यासारखं वाटतं म्हणायच्या. एक तळहात काचेला टेकवून ठेवायच्या. त्याचाही मला राग यायचा. काचेवर तेलकट पंजे उमटायचे, आणि मी नसताना त्या हात पाण्यात घालत नसतील कशावरून?

मी एकदा नवऱ्याला म्हणाले की आंधळे फारच खोडकर आहेत, वेगळे काढायला हवेत. आत्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्यांनी काय केलंय? काचंला धक्का बसतो त्यो एकाच्याच अंगाचा हाय. जड हाय त्यो. एकाच कोपऱ्यातनं येतो आनि परत जातो. ती बाकीची नुसती हिंडत्यात."

"तुम्हाला काय दिसतंय आत्या," मी म्हणाले. मुद्दाम नाही म्हणाले, पण म्हणाले. त्यांनी काचेवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी मुलीच्या दंडावर पहिला डाग दिसला.

रविवारी फ्रॉक बदलताना दिसला. डाव्या दंडावर, वरच्या बाजूला, निळसर. नीट पाहिलं तर एका बाजूला चार आणि समोरच्या बाजूला एक. बोटं होती ती, सरळ कुणीतरी घट्ट धरल्याची. त्या चारांतल्या एकाखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक गडद ठिपका होता.

"कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही."

"मग कुठे लागलं?"

"जिन्यात."

"पडलीस?"

तिने मान हलवली, नाही. आणि जोर करून विचारलं तर पुन्हा तेच, जिन्यात लागलं. पडत नाही, कुणी मारत नाही, आणि जिन्यात लागतं. चार वर्षांचं मूल असं उत्तर देत नाही, त्याला कुणीतरी ते शिकवलेलं असतं. आणि दिवसभर तिच्याजवळ होतं कोण?

आमचा दिवस असा होता. सकाळी मी तिला घेऊन खाली उतरायचे, शेजारच्या इमारतीतल्या बालवाडीत सोडायचे आणि तशीच नाक्यावर कंपनीची बस पकडायचे. दुपारी बालवाडीच्या बाई मुलांना घरोघरी पोचवायच्या. तिथून मी येईपर्यंत मुलगी आत्यांजवळ. शेजारच्या वहिनी मधूनमधून डोकावायच्या. दिवेलागणीला आत्या तिला मांडीवर आडवी घेऊन हातापायांना तेल चोळायच्या. दर शनिवारी मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढायच्या. त्या पुटपुटण्याकडे मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता कान देऊन ऐकलं. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आणि मग स्पष्ट, "आईची". तीन वेळा ओवाळलं आणि तिन्ही वेळा आईची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः पोरीला चिमटे काढायचे आणि दृष्ट माझी.

पुरावा नसताना आम्ही तपासणीवाले कधी बोलत नाही. मी वही काढली आणि रोज संध्याकाळी मुलीचा दंड बघून तारखेसह लिहायला लागले. माशांच्या जखमाही त्याच वहीत टिपायचे. सोमवार ते शनिवार नवा डाग कधी यायचा, कधी नाही. रविवारी कधीच नाही. रविवारी मी घरी असते, म्हणून आत्यांची हिंमत होत नाही, असं मी समासात लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य मी अधूनमधून काढून वाचते.

माशांचा निकाल आधी लागला. लोणच्याच्या तीन रुंद बरण्या धुवून घेतल्या. आधी प्रत्येक माशाचं चित्र काढून जुन्या जखमा खुणेने दाखवल्या. मग पहिल्या बरणीत दोन आंधळे, दुसरीत दोन डोळस, तिसरीत एक आंधळा आणि एक डोळस. दोन दिवसांनी मासे आलटूनपालटून पुन्हा तसंच. आंधळ्यांच्या बरणीत एकदाही नवी जखम झाली नाही. एकमेकांना धडकायचे, बाजूला व्हायचे, परत खाणं हुडकायला लागायचे. डोळसांच्या बरणीत मात्र लहान माशाची शेपटी पहिल्याच दिवशी फाटली. तिसऱ्या बरणीत काय झालं ते मी रजा घेऊन डोळ्यांनी पाहिलं. आंधळा फिरतफिरत डोळसाच्या कोपऱ्याशी आला, डोळस सुसाट सुटला, चावला आणि परत आपल्या जागी जाऊन तसाच शहाण्यासारखा उभा राहिला. सगळ्यात मोठा रुपेरी तर शेजारच्या बरणीतला मासा दिसला तरी काचेवर थाडकन आपटायचा. आपटायचा, आणि मागे जायचा. आत्यांना हाताला लागत होता तो हाच धक्का.

नवऱ्याने मित्राला फोन केला. तो म्हणाला, आमचाही अंदाज तसाच आहे. नदीतल्यांना जागा राखायची असते, वरचढ कोण ते ठरवायचं असतं. गुहेत मुळात खायलाच कमी, तिथे भांडत बसलं तर उपाशी मरायची पाळी. पण खात्रीने काही सांगता येत नाही, वहिनींनी टिपलंय ते मला द्या.

मला फार अभिमान वाटला. मोठा रुपेरी मासा मी कायमचा बरणीत टाकला आणि बाकीचे टाकीत सोडले. आत्यांनी विचारलं, "ती आंधळी गेली का परत पान्यात?" मी हो म्हटलं. त्यांचं म्हणणं खरं निघालं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, मला आजही कळत नाही.

त्याच आठवड्यात मुलीच्या दंडावर दोन डाग आले आणि माझा धीर सुटला. नवऱ्याला मी गच्चीवर नेलं आणि वही समोर धरली.

"आई? अगं, तिला पोरीशिवाय दुसरं आहे काय?"

"म्हणूनच. चिडत असतील. दिसत नाही, पोर ऐकत नाही, धरून ओढत असतील. रविवारी त्यांना गावी सोडून या. नाहीतर मी नोकरी सोडते."

माझ्या पगाराशिवाय घराचे हप्ते निघणार नव्हते, हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या रविवारचं एसटीचं आरक्षण केलं. तिकिटं शर्टाच्या खिशात ठेवून तो घरात वावरायचा, पण आईला सांगायचं धाडस त्याला होईना.

मध्ये एक आठवडा होता. मी विचार केला, आता खात्रीच करून घेऊ. बरण्यांचाच न्याय. सोमवारपासून मुलीला बालवाडीतून परस्पर शेजारच्या वहिनींकडे ठेवलं. आत्यांना सांगितलं, तुम्हाला जरा विश्रांती. तेल चोळणंही बंद केलं, थंडी वाजते म्हणून. आत्या "बरं" म्हणाल्या. संध्याकाळी मी वहिनींकडून मुलीला घेऊन यायचे तेव्हा त्या टाकीजवळ बसलेल्या असायच्या आणि मुलीच्या पावलांच्या आवाजाकडे तोंड फिरवायच्या. मी मुलीला तशीच आतल्या खोलीत न्यायचे. असं मी तीन दिवस केलं.

बुधवारी संध्याकाळी दंडावर नवा डाग होता. ताजा, अजून लालसर. चार, एक, आणि तो तांदळाचा दाणा.

कारखान्यात असं झालं असतं तर मी थांबले असते. नमुना बदलला आणि दोष तोच राहिला, तर नमुन्यात दोष नाही, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. पण मी थांबले नाही. माझा संशय तसाच उचलला आणि वहिनींवर नेऊन ठेवला. गोड बोलते, स्वतःला मूल नाही, कोण जाणे काय मनात असतं. मी मुलीचा हात धरून दाराशी आले आणि पायात चपला सरकवल्या.

"कुटं निगालीस?" आत्यांनी विचारलं.

"वहिनींना जाब विचारायला. पोरीच्या दंडावर बोटं उठलीत."

"थांब." त्या भिंत चाचपत उठून आल्या. "हात दे तुजा. ह्यो न्हाई, उजवा."

मला वाटलं, मला अडवतायत. मी हात दिला. त्यांनी दुसऱ्या हाताने मुलीचा दंड शोधला, बोटांच्या पेरांनी डागांवरून हलकेच एकदा फिरल्या. डाग जिथे दुखत होता तिथे मुलीने श्वास ओढला, म्हणून त्यांना तो सापडला. मग त्यांनी माझा पंजा उचलून त्यावर ठेवला आणि एकेक बोट जागेवर बसवलं. चारही बसली. अंगठा समोरच्या डागावर बसला. अंगठीचा खडा आत फिरलेला होता, तो त्या ठिपक्यावर टेकला.

मी हात काढून घ्यायला हवा होता, पण तो मला हलवता येईना.

"सकाळी तुमी खाली जाता," आत्या म्हणाल्या, "तवा मला इथं बसून आयकू येतं. तुज्या चपला, तिच्या चपला. मदल्या वळनापतूर दोगींच्या वाजत्यात. मग तिच्या बंद हुत्यात. खाली तुज्याच एकटीच्या जात्यात. पोर उचललेली असती दंडाला धरून. बस गाठायची असती तुला."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? तू मलाच धरलं हुतंस. म्या म्हनलं असतं तर खरं मानलं असतंस?" त्या म्हणाल्या, "आनि तुजी बस चुकली तर नोकरी जायाची. म्हनलं, तेलानं बरं हुईल. दिष्ट काडत हुते. मग तू तेल बी बंद केलंस."

मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तेल लाव ना." मी दारातच चपलांवर बसले आणि रडले. इतकी वर्षं मी लोकांचे ड्रम नापास करत होते.

नवरा कामावरून आला तसं मी त्याच्या खिशातून तिकिटं काढून त्याच्या हातात दिली आणि परत करून या म्हटलं. आत्या पुढे नऊ वर्षं आमच्याकडेच होत्या, शेवटपर्यंत. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, चहा ठेव.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी आत्यांना म्हणाले, आज तुम्हीही खालपर्यंत चला. पुढे आत्या, एक हात कठड्यावर. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट मुलीने धरलेलं. मागे मी, पर्स आणि डबा घेऊन. आम्ही इतक्या सावकाश उतरत होतो की नाक्यावर बसचा हॉर्न वाजला, तोही मला ऐकू आला आणि मी बस जाऊ दिली. पुढे दोघींच्या चपला एकापाठोपाठ वाजत होत्या.

मधल्या वळणावर मुलगी थांबली. तिने आपसूक डावा खांदा कानापर्यंत उचलून घेतला, डोळे मिटले आणि वाट बघत उभी राहिली. काहीच झालं नाही तेव्हा तिने डोळे उघडले आणि आजीला समजावून सांगितलं,

"आजी, इथे हात दुखतो. मग खाली गेलं की थांबतो."